आई-सान

उम्म अल हस्सम, बहरीन
१८ नोव्हेंबर १९९४

चि. सौ. विशूस,
ताईचा स. जयभीम व अ. आ. वि. वि.

विजयादशमीला नागपूरला जाऊन आल्याचं तुझं पत्र मिळालं. फोटोही मिळाले. नागसेनने पुढचे दोन दात कुठे हरवले? मिलिंद मात्र अगदी सुजीतरावांसारखा दिसायला लागलाय, तसाच मान वाकडी करून उभा राहतो. मायच्या गुडघ्यांना इथून तेल पाठवलंय. ते वासाला वाईट आहे, पण लाव म्हणावं.

इकडची खबर म्हणजे मला नोकरी लागली. मनामात एका क्लिअरिंगच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून. सकाळी आठ ते एक आणि पुन्हा चार ते सात. श्रावस्ती एकला केजीतून येते, जेवते, झोपते. चारपर्यंत मी असते. ह्यांची प्लँटवर शिफ्ट ड्यूटी, त्यामुळे चार ते सातचा प्रश्न होता. खालच्या नूरबानो सांभाळायच्या, पण त्या लेकीच्या बाळंतपणाला हैदराबादला गेल्या. मग देवासारख्या धावून आल्या त्या वरच्या मजल्यावरच्या जपानी बाई. तिचे मिस्टर, मोरिता साहेब, ह्यांच्या प्लँटवर समुद्राचं पाणी गोडं करण्याची नवी मशिनरी बसवायला आलेत. तिचं नाव आइ. जपानी लोक नावापुढे 'सान' लावतात, आपण 'बाई' लावतो तसं. म्हणून सगळे आइ-सान म्हणतात. पन्नाशीची असेल. इंग्रजी मोडकं, पण हौस दांडगी. बाल्कनीत टबात मुळे लावलेत, आणि गाणं म्हणायला लागली की बिल्डिंगमधली मांजरं पळतात.

विशू, आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते सांगते. हसू नकोस.

परवा ऑफिसातून लवकर सुटले. बिल्डिंगच्या दारात पाऊल टाकलं आणि जिन्यातून आपल्या पोरीची हाक आली. 'आऽई!' अशी, लांबवून. तुला तर माहीत आहे, ती मला मम्मी म्हणते. जन्मात कधी दुसरं काही म्हणाली नाही. मी हातातली पिशवी तिथेच टाकली आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले. ही बया वरच्या दारासमोर उभी. माझ्याकडे बघून म्हणाली, हाय मम्मी. आणि पुन्हा दाराकडे तोंड करून तीच हाक. दार उघडलं, ती बाई बाहेर आली, आणि पोरीने तिच्या कमरेला मिठी मारली.

मी खाली आले. पिशवीतले टोमॅटो जिन्यात पसरले होते, ते गोळा केले. तेवढ्या वेळात मी त्या बाईचा किती द्वेष केला, ते तुला लिहून सांगता यायचं नाही. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले की अगं ते तिचं नाव आहे. जसं काही मला माहीतच नाही. नाव असेल तिचं, पण पोरीच्या तोंडून तो शब्द निघतो तो माझ्या पोटात येऊन रुततो.

तूच सांग काय करू. तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

घरच्या सगळ्यांना जयभीम. माझ्यावर आहे तेवढा जीव असू दे, कमी करू नकोस.
तुझी,
ताई

---

मूर्तिजापूर
२ डिसेंबर १९९४

ती. ताईस,
विशूचा स. जयभीम. वि. वि.

पत्र पावलं. नोकरी लागली, चांगलं झालं. मायला तेल आवडलं, वास नाही.

नागसेन पडवीतून उडी मारताना पडला. दात तसेही हलत होते. मिलिंदला सहामाहीत गणितात शंभरपैकी एक्याण्णव मिळाले आणि तो चार दिवस ऐटीत होता, कुणाशी नीट बोलत नव्हता. ह्यांच्या शाळेत इन्स्पेक्शन आहे, घरी आले की वह्यांचा ढीग घेऊन बसतात.

तू विचारलंस काय करू. पोरीला तिच्याकडे पाठवणं बंद कर. दुसरी कुणी बाई बघ, नाहीतर ऑफिसात दुपारची वेळ बदलून माग. ज्या घरात लेकरू असा शब्द उच्चारायला शिकतं, त्या घरात त्याला कशाला ठेवायचं?

एक विचारायचं होतं. तू लिहिलंस की ती 'आऽई' अशी लांबवून हाक मारते. जपानी लोक त्या बाईला असंच लांबवून हाक मारतात का? की आखूड? नीट ऐकून कळव.

आपलं ठरलेलं तुझ्या लक्षात असेलच. मी आठवण करून देते असं समजू नकोस.

भाऊजींना जयभीम सांग. श्रावस्तीला मावशीचा पापा. लोभ आहेच.
विशाखा

---

उम्म अल हस्सम
१६ डिसेंबर १९९४

चि. सौ. विशूस,
स. जयभीम व अ. आ.

आज इथला राष्ट्रीय दिन, ऑफिस बंद. रस्तोरस्ती लाल-पांढरे दिवे लावलेत. श्रावस्ती आणि हे दिवे बघायला गेलेत, मी मुद्दाम मागे राहिले.

तुझं पत्र फार तुटक वाटलं. रागावलीस का? मी तर तुझ्यापाशी मन मोकळं केलं होतं. दुसरी बाई बघितली, मिळाली नाही. ऑफिसवाल्याला विचारलं, तो 'मफी', म्हणजे नाही, म्हणाला आणि हात झटकले.

सहा डिसेंबरचं अभिवादन आम्ही शुक्रवारी, नऊ तारखेला, आमच्याच घरी केलं. सात कुटुंबं आली होती. अरादहून, रिफाहून, एक तर दोन बस बदलून. आइ-सानला कुणीतरी बोलावलं, मी नव्हे. आली ती निळ्या कापडाची घडी घेऊन. तिच्या वडिलांनी स्वतः रंगवलेलं कापड, इतकं गडद निळं की सगळ्या बायका हात लावून बघत होत्या. तेच मग बाबासाहेबांच्या फोटोखाली अंथरलं. वंदनेला ती डोळे मिटून बसली, पाली शब्द येत नव्हते तरी ओठ हलवत होती. सगळ्यांना केवढं कौतुक, जपानहून आलेल्या बौद्ध बाई म्हणून! सात घरांचा भात आणि डाळ मी रांधली होती, त्याचं नाव कुणी काढलं नाही. आणि खीर वाढताना आपली पोरगी सगळ्यांदेखत तिच्या मांडीवर जाऊन बसली आणि तिने तीच हाक मारली. रिफाची एक बाई मोठ्याने हसून मला म्हणाली, पोरगी जपानला दत्तक दिली की काय?

तिला काय माहीत, विशू. ती गंमत करत होती. मी पुढच्या वाटीत खीर वाढली.

दुसऱ्या दिवशी मी वर गेले आणि स्पष्ट सांगितलं की आमच्या भाषेत ह्या शब्दाचा अर्थ मदर असा होतो. तिला आधी कळलंच नाही. मग डिक्शनरी काढली, आणि कळलं तेव्हा तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि कमरेतून वाकून माझी माफी मागायला लागली. पाचदा, सहादा. मीच ओशाळले. ती म्हणाली की तिला वाटायचं, ही मुलगी आपलं नाव किती गोड घेते, जपानात इतक्या मायेने आपलं नाव कधीच कुणी घेतलं नाही.

मग तिने कागद आणि कुंचला घेतला. म्हणाली, तुमचा अर्थ एक, आमचे बघ. एक अक्षर काढलं आणि सांगितलं की हा 'आइ' म्हणजे प्रेम. हा शब्द चीनमधून आला, आणि जपानात तिचं नाव ऐकलं की सगळे हाच धरून चालतात. दुसरं काढलं, तोही 'आइ', पण दुःख. तोही चीनचाच, मात्र तो एकटा येत नाही, दुसऱ्या शब्दाला चिकटून येतो. तिसरा त्यांचा स्वतःचा जुना शब्द, तो क्रियापदाच्या आधी लावला की 'एकमेकांशी', 'एकमेकींबरोबर' असा अर्थ होतो. चौथं अक्षर भरगच्च काढलं आणि त्यावर बोट ठेवून म्हणाली, ही मी. तो 'आइ' म्हणजे नीळ. रंगाचं झाड. तोही त्यांचाच जुना शब्द. तिचे वडील तोकुशिमाचे रंगारी, निळीच्या हौदातच आयुष्य गेलं, त्यांनी लेकीला त्या झाडाचं नाव दिलं. ऐकताना चारही सारखेच, लिहिल्यावरच कळतं कुठला तो. मी खूप वेळ त्या कागदाकडे बघत बसले. निळा रंग तर आपलाही, नाही का?

तिने स्वतःहून ठरवलं की उद्यापासून श्रावस्तीने तिला 'ओबा-सान' म्हणायचं, म्हणजे मावशी, काकू. पण आपल्या पोरीने ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी दाराबाहेर बसून राहिली, आत जाईना, खाईना. सात वाजता मी गेले तर आत ती बाई रडत होती आणि बाहेर ही. शेवटी मीच म्हटलं, राहू दे.

तू विचारलंस ते ऐकलं. मोरिता साहेब तिला हाक मारतात ती आखूड, झटक्यात. लांबवते ती फक्त आपली पोरगी. कुठून शिकली कुणास ठाऊक.

आता मुद्द्याचं. विशू, पाच वर्षं झाली. जो शब्द मी हौसेने तिच्या तोंडात घालायचा, तो मी घातला नाही. शेजारची परकी बाई काही न करता तो घेऊन गेली. तू मोठ्या मनाची आहेस. मला त्या शब्दातून मोकळी कर. मला एकदा तरी तो ऐकू दे.

उत्तराची वाट बघते. पदरात घे.
तुझी,
ताई

---

मूर्तिजापूर
३० डिसेंबर १९९४

ती. ताईस,
स. जयभीम.

तुझं पत्र मिळून तीन दिवस झाले. उत्तर लिहायला घेतलं आणि दोनदा फाडलं.

तुला ठाऊक असलेलंच लिहिते. कारण पाच वर्षांत आपण दोघींनी ते एकदाही कागदावर आणलं नाही. मायने बजावलं होतं, की पत्रं कुणाच्याही हाती लागतात.

श्रावस्ती माझ्या पोटची. सप्टेंबर एकोणनव्वदची. तुझी तीन बाळं गेली होती आणि डॉक्टरांनी चौथ्यांदा नको म्हणून सांगितलं होतं. तू डिसेंबरात मला बघायला आलीस, तिला उचललंस, आणि जेवायच्या वेळेलाही खाली ठेवली नाहीस. तुझ्या हातात ती झोपली. तिथे माय होती, बाबा होते, हेही होते. सगळ्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं. माझी दोन लेकरं अंगणात खेळत होती. मी हो म्हटलं. मला कुणी जबरदस्ती केली नाही, तेव्हाही नाही आणि आजही मी तसं म्हणत नाही. दत्तकपत्रावर सही मी माझ्या हाताने केली.

मी एकच गोष्ट मागितली. तिने मला आई म्हणायचं नाही, ते मला मान्य होतं. पण तुलाही म्हणायचं नाही. तो शब्द तिच्या तोंडात कुणासाठीच नको. तू मम्मी हो, मम्मा हो, काहीही हो. तू माझ्या गळ्यात पडून हो म्हणालीस.

आता मी काय काय गिळलंय तेही वाच. तुझं पत्र आलं की मी आधी त्यात 'मम्मी' शब्द किती वेळा आलाय ते बघते, मग मजकूर वाचते. तिचा ताप, तिचा फ्रॉक, तिची पहिली कविता, सगळं तू मला लिहितेस जशी शेजारणीला लिहावं तसं. मला हेवा वाटतो, ताई. आंघोळ करताना वाटतो, पोळ्या लाटताना वाटतो. आणि तू मलाच लिहून विचारतेस की एका परक्या बाईचा हेवा वाटतो, काय करू!

लांबवून हाक कुठून शिकली विचारतेस? माझ्या अंगणातून. मागच्या जुलैत तुम्ही आलात तेव्हा दिवसभर ती मिलिंद-नागसेनच्या मागे फिरायची. ते मला हाक मारायचे ते ऐकायची. एका सकाळी तू न्हाणीत होतीस आणि तिने चुलीपाशी येऊन त्यांच्यासारखीच मला हाक मारली. तशीच, लांबवून. मी ओ दिली नाही. आपलं ठरलं होतं म्हणून मी खाली मान घालून भाकरी थापत राहिले. तिने पुन्हा मारली. मी पुन्हा ओ दिली नाही. मग ती गेली.

ती हाक तिने नेली आणि त्या बाईच्या दारात ठेवली. त्या बाईने दार उघडलं. तिचा काय दोष?

नाही, ताई. मोकळं करणार नाही. माझ्याकडे तिचं दुसरं काही नाही.

भाऊजींना जयभीम.
विशाखा

---

उम्म अल हस्सम
२६ जानेवारी १९९५

चि. सौ. विशूस,
स. जयभीम.

तुझं पत्र वाचलं आणि अंगाचा भडका उडाला. तुला उत्तर म्हणून चार पानं लिहिली होती. त्यात लिहिलं होतं की तू लेकरू दिलंस पण दोरी हातात ठेवलीस. ताप मी काढले, उशा-पायथ्याशी मी बसले, आणि नाव घ्यायची वेळ आली की मी चोर. ती चार पानं पाठवली नाहीत. हे लिहायचं नव्हतं तरी लिहिलं, म्हणजे तुझ्यापर्यंत पोचलंच. पोचू दे.

पाठवली नाहीत त्याचं कारण वेगळं. सतरा तारखेला जपानात भूकंप झाला. तिकडेही टीव्हीवर दाखवलं असेल. कोबे शहर आडवं झालं. आइ-सानची थोरली बहीण कोबेला राहते. माहेरच्या माणसांत तेवढीच उरली आहे. सकाळी मोरिता साहेबांनी ह्यांना सांगितलं, ह्यांनी मला. मी ऑफिसला फोन केला की येत नाही, आणि वर गेले.

ती टेलिफोनपाशी जमिनीवर बसली होती. नंबर फिरवायची, ऐकायची, ठेवायची, पुन्हा फिरवायची. मी तिच्याजवळ बसले. आणि विशू, तुझ्यापासून काय लपवू, पहिला विचार माझ्या मनात आला तो हा की आता ही परत जाणार. मला बरं वाटलं. एका माणसाची बहीण ढिगाऱ्याखाली असेल-नसेल, आणि मला बरं वाटलं. इतकी मी खाली गेले.

चार दिवस फोन लागला नाही. मी रोज भात करून न्यायची, ती दोन घास खायची. भाषा धड नाही, बोलणार काय? तिने मला तुटक तुटक सांगितलं की बहिणीशी तिचं सहा वर्षं बोलणं नव्हतं. वडील वारल्यावर त्यांचे रंगाचे हौद बहिणीने बुजवले म्हणून ही रुसली होती. नवीन वर्षाचं कार्ड बहिणीने पाठवलं होतं, ते हिने उघडूनही बघितलं नव्हतं. तेव्हा उघडलं. त्यात नेहमीचंच छापील होतं आणि खाली हाताने एक ओळ, की थंडी फार आहे, तुझ्याकडे ऊन असेल.

श्रावस्ती तिच्या पाठीला टेकून बसायची. मी तिला एकदाही तिथून उठवलं नाही.

पाचव्या दिवशी फोन आला. बहीण जिवंत आहे. घर गेलं, पाय मोडलाय, एका शाळेत ठेवलंय. आइ-सान मला धरून इतकी रडली की माझा खांदा भिजला. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ती निघतेय, बहिणीला घेऊन तोकुशिमाला राहणार. मोरिता साहेब काम संपवून जातील.

आता ती जाणार. आणि आता मला बरं वाटत नाही.

जुलैतलं ते तू लिहिलंस, चुलीपाशी ओ न दिल्याचं. ते वाचून मी भिंतीकडे तोंड करून बसले होते. मला ठाऊक नव्हतं. माझं मागणं मी मागे घेत नाही, पण आता पुन्हा मागणारही नाही. तुला वाटेल तसं.

पत्र टाकायचं बंद करू नकोस, एवढंच.
ताई

---

मूर्तिजापूर
११ फेब्रुवारी १९९५

ती. ताईस,
विशूचा स. जयभीम व सा. न.

इकडे टीव्हीवर कोबे दाखवलं त्या दिवशी आमच्याकडे सगळे बघत होते. मी स्वयंपाकघरातून एक डोळा टाकला आणि परत गेले. तेव्हा मला माहीत नव्हतं की तू त्या बाईजवळ बसली आहेस.

तुझं पत्र आल्यावर मी ह्यांना पहिल्यांदा सगळं सांगितलं, की माझी अट होती म्हणून. ह्यांना ती ठाऊकच नव्हती. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले की एवढं एकटीने कशाला सांभाळलंस.

मी विचार केला की समजा तिकडे काही झालं असतं. समुद्र, विमान, काहीही. तर तुझ्या हातात माझं शेवटचं पत्र कुठलं राहिलं असतं? 'नाही, ताई' असं म्हणणारं. त्यानंतर मला जेवण गेलं नाही.

तेव्हा घे. म्हणू दे तिला तुला आई. मनापासून लिहिते. अगदी मनापासून म्हणणार नाही, थोडं ओढूनताणून आहे, पण लिहिते तर आहे. तू ऐक आणि मला कळवू नकोस तो आवाज कसा वाटला ते.

त्या बाईंच्या बहिणीचा पाय बरा होवो. लोभ आता दोन्ही बाजूंनी वाढवू या.
तुझी,
विशू

---

उम्म अल हस्सम
५ मार्च १९९५

चि. सौ. विशूस,
स. जयभीम व खूप खूप आ.

परवा इथे ईद झाली, ऑफिसला तीन दिवस सुट्टी. नूरबानो परत आल्यात, त्यांनी शीरखुर्मा पाठवला.

आइ-सान फेब्रुवारीच्या नऊ तारखेला गेली. आमची एक चूक झाली. पोरीने रडू नये म्हणून ती शाळेत असतानाच टॅक्सी बोलावली. शाळेतून आल्यावर ती वर गेली, दार वाजवलं, हाका मारल्या. मोरिता साहेब कामावर. कुणी उघडलं नाही. खाली आल्यावर मी सांगितलं. ती रडली नाही, विशू. तिने माझ्याकडे असं बघितलं, आणि इंग्रजीत विचारलं की तुला माहीत होतं ना? मी हो म्हटलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ह्यांच्याशी बोलायची, भिंतीशी बोलायची, माझ्याशी नाही.

तुझं पत्र आलं त्यानंतर. ते मी किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. तुझ्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं, धाकटी असलीस तरी. मग एका संध्याकाळी तिला समोर बसवलं, केस विंचरून दिले आणि म्हटलं की आता तू मोठी झालीस, आजपासून मला आई म्हणायचं. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं, जसं काही मी वेडी झालेय. म्हणाली, नो. आई इज इन जपान. यू आर मम्मी. आणि 'यल्ला', चला, म्हणून उठून खेळायला गेली. खलास!

तू कळवू नकोस म्हणाली होतीस, आणि कळवण्यासारखं काही घडलंच नाही. आपण दोघी पाच वर्षं ज्या शब्दावरून जळलो, तो तिने कुणालाच दिला नाही. मी कंगवा हातात घेऊन तशीच बसले. आधी डोळे भरून आले, मग हसू आलं. मी मम्मी आहे म्हणे.

पण तिने विचारलेलं ते मनातून जात नाही. तुला माहीत होतं ना? विशू, उद्या पंधरा वर्षांची झाल्यावर कुणा नातेवाइकाच्या तोंडून कळलं आणि तिने हाच प्रश्न आपल्याला विचारला तर? ह्यांचं म्हणणं आहे की अजून लहान आहे, थांबू. मला थांबायचं नाही. जुलैत येते तेव्हा आपण दोघी मिळून तिला सांगू. मी सांगायला सुरुवात करीन, अडखळले तर तू पुढे बोल. कबूल असेल तर एक कार्ड टाक. त्यावर नुसतं हो लिही.

भेटीची ओढ लागलेली,
ताई

---

मूर्तिजापूर
२० ऑगस्ट १९९५

ती. ताईस,
विशूचा स. जयभीम व सा. न. वि. वि.

सुखरूप पोचल्याची तार मिळाली. तुमची छत्री इथेच राहिली. मिलिंद ती रोज शाळेत नेतो, आभाळ कोरडं असलं तरी. माय दारातून आत आली की अजून तुझ्या पिशव्या कुठे आहेत ते बघते आणि मग तिला आठवतं.

त्या दिवशी आपण तिला सांगितलं तेव्हा ती फक्त भेळेत कांदा नको म्हणाली. तुला वाटलं की तिला समजलंच नाही. तू त्या रात्री रडलीस ते मला कळलं होतं. मी झोपेचं सोंग घेतलं होतं. मलाही उठून तुझ्याजवळ यायचं होतं, पण थोडा राग बाकी होता. असा थोडा बाकी असतोच, ताई. हेवाही गेला असं मी लिहिणार नाही. स्टेशनवर ती तुझं बोट धरून डब्यात चढली, मागे वळून बघितलं नाही, आणि मला वाटायचं ते वाटलंच. पण आता ते तुला लिहिता येतं, ह्याने पुष्कळ हलकं वाटतं.

तुला सांगायचं राहिलं ते हे. तू मायला घेऊन बडनेऱ्याला गेली होतीस त्या दुपारी मी एकटी ओट्यावर बसून भाजी निवडत होते. पोरं मागच्या बाजूला होती. ती एकटी आली आणि माझ्या शेजारी बसली. थोड्या शेंगा सोलल्या, दाणे कमी आणि सालंच जास्त पाडली. मग मराठीत विचारलं. तू म्हणतेस ना की ती मराठीत उत्तर देत नाही, तिने मराठीत विचारलं. मावशी, मी तुझ्या पोटात होते का?

मी होय म्हटलं.

पुन्हा थोड्या शेंगा. मग तिने विचारलं की मग दुखलं का?

ती कुठल्या दुखण्याचं विचारत होती ते मला कळेना. ती आली तेव्हाचं, की गेली तेव्हाचं. मी म्हटलं, थोडंसं. खोटं बोलले.

तिने हातातली शेंग खाली ठेवली. मग हाताला लागलेली माती फ्रॉकला पुसली, माझ्या पोटावर तळवा ठेवला, आणि तिथेच तोंड नेऊन हळूच सॉरी म्हणाली. मला नाही, पोटाला. आणि नागसेनने हाक मारली म्हणून पळाली.

भाजी तशीच राहिली. त्या संध्याकाळी आम्ही पिठलं-भाकर खाल्ली, आणि ती दोनदा वाढून घेऊन जेवली.

भाऊजींना जयभीम. श्रावस्तीला पापा. पुढच्या पत्रात तिच्याबद्दल जे जे लिहायचं ते सगळं लिही, काही गाळू नकोस.
तुझीच,
विशू